सरांची घट

जगात कचरा नावाची वस्तूच नसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि माझं नशीब असं की तोच माझा पीएच.डी.चा गाईड निघाला. आपण ज्याला केर म्हणतो त्याला सर 'अजून न गाळलेला माल' म्हणत. लॅबमधले वापरलेले फिल्टर पेपर, फ्लास्कच्या तळाला चिकटलेलं काळं, सिलिकाची ओली भुकटी, हात पुसून टाकलेला कागद, यातलं काहीही त्यांच्या परवानगीशिवाय उंबऱ्याबाहेर जात नसे. दर शनिवारी सर स्टुलावर बसायचे, पुढ्यात वर्तमानपत्र अंथरायचे, लॅबची केराची बादली त्यावर पालथी करायचे आणि तांदूळ निवडावेत तसा तासभर तो केर निवडायचे. त्यातलं जे हवं ते लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत जाई. बरण्यांवर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या असत: 'काळं, जून', 'काळं, जुलै', 'कागद, जाळायचे' आणि एकीवर नुसतंच 'संशयित'. पहिल्या आठवड्यात मी भाबडेपणानं विचारलं, सर, या संशयितमध्ये काय आहे? तर म्हणाले, "ते मलाबी ठाऊक न्हाय. ठाऊक झालं की चिठ्ठी बदलायची." युनिव्हर्सिटीच्या सफाईवाल्या मावशी आमच्या मजल्यावर आल्या की दारातूनच विचारायच्या, "काय न्यायचं हाय का, का ठेवायचं हाय समदं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायच्या.

हे वेड त्यांना कुठून लागलं हे कळायला कोल्हापुरातून हुपरीला जावं लागतं. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, आणि सरांचं घराणं तिथलं जुनं जैन घराणं. आजोबा, वडील, चुलते, सगळे पैंजण घडवण्यात गेले. तिथं कारागिराला चांदी वजन करून देतात आणि काम झालं की दागिना अधिक कीस मिळून तेवढंच वजन परत घेतात. जे कमी भरतं त्याला म्हणतात घट. ही घट धरण्यासाठी कारखान्यात काय काय करतात ते सर फार रंगून सांगत. हात धुतलेलं पाणी हौदात साठवायचं, वर्षाकाठी त्याचा गाळ आटवायचा, दारातलं पायपुसणंसुद्धा जाळून त्याची राख गाळायची. आजोबा म्हणे दुपारी जेवायला घरी जायच्या आधी कामाच्या पाटावर वाकून मिशा झटकत. "मिशीतनं चांदी निघायची का हो सर?" असं आमच्यातल्या एकानं विचारलं, तेव्हा सर गंभीर होऊन म्हणाले, "निघायची न्हाय. पण न झटकता गेलं तर निघत न्हवती हे कळलं कसं असतं?" या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या वेळी मात्र आम्ही सगळे खो खो हसलो होतो.

तर असा हा मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि घरची चांदी सोडून पॅलेडियमच्या नादी लागला. पॅलेडियम हाही एक मौल्यवान धातू, पण दागिन्यापेक्षा रसायनशाळेत त्याला जास्त मान. औषधं बनवताना कार्बनचे दोन तुकडे एकमेकांना जोडायचे असतात. ते आपण होऊन जुळत नाहीत, कितीही तापवा. पॅलेडियमचा कणभर अंश घातला की तो एका हातानं हा तुकडा धरतो, दुसऱ्या हातानं तो, दोघांची गाठ मारतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या जोडीकडं जातो. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. त्यांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तुटलेला धागा सांधायचा आणि सांधणाऱ्यानं कापडात राह्याचं न्हाय." इतकं नेटकं उत्तर मला नंतर तोंडी परीक्षेतही देता आलं नाही. सरांना ते सांगितलं तर त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं आणि खाली वडिलांचं नावही घातलं, कारण दुसऱ्याचं घेतलं तर तसं लिहायला पाहिजे, हाही त्यांचा एक हट्ट.

पण कापडात राहत नाही तर हा सांधणारा जातो कुठं, हे सरांच्या आयुष्याचं दुखणं होतं. जेवढं पॅलेडियम फ्लास्कमध्ये गेलं तेवढं सगळं परत आलं पाहिजे, निदान काळ्या गाळाच्या रूपानं तरी, असा हुपरीचा कायदा. म्हणून त्या बरण्या. सर गाळ आटवत, कागद जाळत, राख तेजाबात विरघळवत, आणि शेवटी तराजूशी उभे राहून मान हलवत. थोडं कमीच भरायचं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं 'घट' असा एक शब्द कायमचा लिहिलेला होता आणि पुढं त्या महिन्याचा आकडा. बाकी फळा कुणीही पुसावा, त्या कोपऱ्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. दहा-अकरा वर्षं हा आकडा शून्य झाला नव्हता, आणि सरांच्या मते तोवर आपण रसायनशास्त्र केलं असं म्हणायला तोंड नव्हतं.

घट शोधण्याच्या या नादात त्यांनी जे उद्योग केले त्यातला महामार्गाचा किस्सा आमच्या डिपार्टमेंटमध्ये अजून सांगतात. मोटारींच्या सायलेन्सरजवळ धूर शुद्ध करायला पॅलेडियम बसवलेलं असतं, आणि ते झिजून कणाकणानं रस्त्यावर पडतं. हे वाचल्यापासून सर रस्त्याकडं आदरानं बघायला लागले. एका रविवारी सकाळी शिरोलीच्या फाट्याजवळ महामार्गाच्या कडेला बसून, हातात रंगाचा ब्रश आणि केरसुपली घेऊन, ते धूळ गोळा करत होते. एक पोलीस हवालदार बराच वेळ बघून जवळ आला. "काय हरवलंय का पावणं?" सर म्हणाले, "व्हय." "काय?" "ते अजून कळलं न्हाय." हवालदारानं त्यांना सावलीत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि घरचा नंबर मागितला. सरांनी ते पाणीही खिशातल्या पांढऱ्या रुमालातून गाळूनच घेतलं, त्यामुळं बिचाऱ्याचा संशय आणखी वाढला. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, रिक्षा करून गेल्या आणि नवऱ्याला व धुळीच्या पिशवीला घेऊन आल्या. पिशवी 'संशयित'मध्ये जमा झाली.

गाळण्याचं त्यांना घरूनच वळण. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही आणि दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हे दोन नियम त्यांनी लॅबलाही लावले होते. शेजारच्या लॅबमधली पोरं रात्र रात्र जागून काम करायची आणि त्याचा केवढा रुबाब मिरवायची. आमच्याकडं सहाच्या आत कुलूप. सर म्हणत, "अंधारात केलेलं काम सकाळी दोनदा बघाय लागतंय. त्यापरास सकाळीच करा की." मिसळीच्या बाबतीत मात्र त्यांच्यावर दया यायची. कोल्हापुरात जन्म काढून कांदा-लसणाशिवायची मिसळ मागणारा माणूस म्हणजे काय ते विचारू नका. एका हॉटेलवाल्यानं त्यांच्यासमोर नुसती मटकी आणि फरसाण ठेवलं आणि हात जोडून म्हणाला, "सर, ह्याला मिसळ म्हणू नका, एवढीच विनंती हाय." सरांनी ते शांतपणे खाल्लं आणि वर त्याला मटकी किती वेळ भिजवली होती ते विचारलं. लग्नकार्यात ते नवरीच्या चेहऱ्याकडं न बघता पायातल्या पैंजणाकडं बघायचे. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात ते वाकून इतका वेळ बघत राहिले की नवरीला वाटलं सर पाया पडतायत, आणि ती घाबरून खुर्चीवरून उठली.

आता माझी गोष्ट. ती सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय सर पुरे होणार नाहीत. माझा विषय होता पॅलेडियमशिवाय जोडणी, म्हणजे तोच सांधा साध्या लोखंडाच्या क्षारानं घडवून आणायचा. लोखंड स्वस्त, मुबलक, बिनविषारी. जमलं तर बहारच. तीन वर्षं क्षार, द्रावक, तापमान बदलून बदलून काही जमलं नाही, आणि चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला एके दिवशी अचानक जमलं. टीएलसीची पट्टी म्हणजे एक बोटभर लांबीची पट्टी असते. तिच्यावर आपल्या मिश्रणाचा थेंब चढवून निळ्या दिव्याखाली धरली की नवा पदार्थ तयार झाला असेल तर वेगळा ठिपका दिसतो. तो ठिपका त्या दिवशी असा ठसठशीत होता की मी पट्टी ओढणीत धरून सरांच्या खोलीपर्यंत पळत गेले. सरांनी भिंगातून पाहिलं, दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "परत कर." मी परत केलं, परत झालं. दहादा केलं. सरांनी पेपर लिहायला घ्यायला सांगितलं. इचलकरंजीला वडिलांनी निम्म्या पेठेला सांगून टाकलं की आमच्या पोरीनं लोखंडाकडनं धागा सांधून घेतला.

मी दहादा म्हटलं, पण खरं सांगायचं तर ते तेरादा होतं. त्यातल्या तीनदा काही म्हणजे काही झालं नव्हतं. पट्टी कोरी. पहिल्यांदा वाटलं, हवेत दमटपणा असेल. दुसऱ्यांदा वाटलं, माझंच काही चुकलं. तिसऱ्यांदा तारीख बघितली तर मंगळवार होता, आणि मागच्या दोन्ही वेळाही मंगळवारच होता. हॉस्टेलवरच्या माझ्या रूममेटनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "अगं, मंगळवार अंबाबाईचा. त्या दिवशी असलं काय जाळपोळ करू नये." मी तिच्यावर हसले. विज्ञानाची विद्यार्थिनी ना मी. तरी पुढचे दोन मंगळवार मुद्दाम रिअ‍ॅक्शन लावून बघितली आणि दोन्ही फसल्या. मग मी काय केलं? कारण शोधलं? छे. मी मंगळवारी रिअ‍ॅक्शन लावायचीच सोडून दिली. वहीत मंगळवारी 'वाचन' असं लिहायला लागले. त्या पाचही कोऱ्या पट्ट्या मी ज्या त्या आठवड्यात कागदात गुंडाळून बादलीत तळाशी खुपसल्या. बादली कोण निवडतं हे मला ठाऊक असूनही खुपसल्या, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी.

तिथून पुढचे तीन महिने फार वाईट गेले. माझी फेलोशिप संपत आली होती. पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध देता येत नव्हता, आणि प्रबंध दिल्याशिवाय वडिलांना तोंड दाखवायची सोय नव्हती. पेपर तयार होता, फक्त सर पाठवत नव्हते. दर आठवड्याला त्यांचं काहीतरी निघायचं. कधी एक आकृती नीट नाही, कधी स्वल्पविराम चुकला. मी विचारलं की एकच उत्तर, "अजून गाळायचं हाय." मी चिडायची. हा माणूस माझं वर्ष खातोय, असं मी मैत्रिणींना सांगायची. आणि मनातून भीती अशी की उद्या हा पेपर छापून आला, आणि कुठल्या तरी देशात कुणीतरी तो मंगळवारी करून बघितला तर? झोपेत कोऱ्या पट्ट्या दिसायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी तीन महिने अनुभवलं. पेपर जावा असंही वाटायचं आणि जाऊ नये असंही.

शेवटी एका शनिवारी सकाळी मी ठरवून गेले. सर नेहमीसारखे स्टुलावर, पुढ्यात केर. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली, की सर, आज पेपर पाठवायचाच, माझी मुदत संपतेय, घरी काय सांगू. सरांनी ऐकून घेतलं. मग हात पुसले, तो कागद घडी करून 'कागद, जाळायचे'मध्ये टाकला, उठून कपाटातून एक लहान बरणी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. चिठ्ठीवर काहीच लिहिलं नव्हतं. आत पाच पट्ट्या होत्या, प्रत्येकीला ती सापडली त्या शनिवारच्या तारखेचा कागद दोऱ्यानं बांधलेला. 

"ह्या कुणाच्या, ते मी इचारत न्हाय," सर म्हणाले. "तीन म्हैने झालं, वाट बघतोय, तू कवा सांगतीस."

मी खाली बसले, अक्षरशः जमिनीवर. म्हटलं, "सर, मंगळवारी होत नाही."

"काय होत न्हाय?"

"रिअ‍ॅक्शन. मंगळवारी होत नाही. बाकी सगळ्या वारी होते."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण सरांच्या खांद्यापासून हसायला सुरुवात झाली. "लोखंडाला वार कळतो व्हय गं?" असं म्हणून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही रडता रडता हसायला लागले. तीन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड हलला होता. पेपर गेला नव्हता. अजून काहीही बिघडलं नव्हतं. मी गाईडला खोटं पाडलं नव्हतं, फक्त स्वतःला मूर्ख ठरवलं होतं, आणि त्याची मला सवय होती.

हसणं थांबल्यावर सरांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, "आता सांग. मंगळवारी लॅबात काय वायलं असतंय?" मी सांगत गेले, ते खडूनं लिहीत गेले. मंगळवारी वरच्या मजल्यावर एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल असतं. तिथं आमच्या लॅबमधून स्टँड जातात, पाण्याच्या नळ्या जातात आणि भिंगऱ्यांची बरणी जाते. भिंगरी हा सरांचाच शब्द. औषधाच्या कॅप्सूलएवढं, पांढऱ्या टेफ्लॉनचं आवरण घातलेलं ते लोहचुंबक असतं. फ्लास्कमध्ये टाकलं आणि खालचं यंत्र सुरू केलं की गरगर फिरून मिश्रण ढवळतं. आमच्याकडं जुन्या भिंगऱ्यांची एक बरणी होती, दहा वर्षं वापरून वापरून ओरखडलेल्या, करड्या पडलेल्या. फेकायच्या नाहीत हे ओघानं आलंच. नव्या भिंगऱ्यांचं पाकीट कपाटात बंद असे, कारण जुन्या चालतायत तोवर नवं उघडायचं नाही, आणि पोरांच्या हातात तर नवं मुळीच द्यायचं नाही. म्हणून मंगळवारी जुनी बरणी वर जायची आणि त्या एका दिवशी मला नव्या पाकिटातली भिंगरी वापरायची मुभा असे.

हे सांगता सांगता मी थांबले. सरही थांबले. खडू हातातच राहिला. दोघांनी एकदमच त्या जुन्या बरणीकडं बघितलं.

मग आम्ही चार फ्लास्क लावले. पहिल्यात जुनी भिंगरी आणि लोखंड, दुसऱ्यात जुनी भिंगरी आणि लोखंड नाहीच, तिसऱ्यात नवी भिंगरी आणि लोखंड, चौथ्यात नुसती नवी भिंगरी. शनिवारचा अर्धा दिवस संपला, सगळं डिपार्टमेंट ओस पडलं, आणि आम्ही दोघं चार भिंगऱ्यांकडं बघत बसलो. काकूंनी डबा पाठवला होता तो सरांनी मला खायला लावला आणि स्वतः चुरमुरे खाल्ले. चारच्या सुमाराला पट्ट्या चढवल्या. निळ्या दिव्याखाली या वेळी सरांनीच धरल्या. पहिलीवर ठिपका. दुसरीवर ठिपका, तेवढाच ठसठशीत. तिसरी कोरी. चौथी कोरी. माझ्या लोखंडानं चार वर्षांत एकही धागा सांधला नव्हता. सांधत होती ती जुन्या भिंगरीच्या ओरखड्यात अडकून बसलेली पॅलेडियमची पूड. आधीच्या पोरांनी दहा वर्षं केलेल्या कामातून ती कणाकणानं तिथं जमली होती, घासून धुतली तरी निघाली नव्हती.

मला रडू यायला हवं होतं. चार वर्षं पाण्यात गेली होती. पण खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला पहिल्या ठिपक्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं. आता मंगळवारला भ्यायचं कारण नव्हतं. मी सरांकडं बघितलं, तर सर तिथं नव्हतेच. ते फळ्यापाशी उभे होते, जुनी भिंगरी चिमटीत धरून, उजेडाकडं करून, तिच्यावरच्या करड्या रेघा भिंगातून न्याहाळत. "बघ," ते हळूच म्हणाले, "हितं बसलीय. दहा वर्सं मी राखेत हुडकतोय, रस्त्यावर हुडकतोय, आणि ही हितं बसून फिरायलीय." मग त्यांनी मान वर केली, डोळे भरलेले होते, आणि म्हणाले, "पोरी, तू माझी घट सापडवून दिलीस की."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जुन्या भिंगऱ्या तेजाबात घातल्या. निघालेलं पाणी पुण्याला एका मोठ्या यंत्रावर तपासून आणलं, आणि त्यात पॅलेडियम होतं. सगळी घट त्यात निघाली नाही. खरं तर चिमटीतही धरता येणार नाही इतकं ते होतं. पण कुठं जातं हे कळलं होतं, आणि इतक्या कमी अंशानंही गाठ बसते, हे त्याहून मोठं होतं. सरांनी माझा जुना पेपर माझ्याकडून 'कागद, जाळायचे'च्या बरणीत टाकून घेतला आणि नवा लिहायला लावला. त्यात लोखंड निर्दोष सुटलं, पाचही मंगळवार तारखेसकट छापले गेले आणि जुन्या भिंगऱ्या वापरणाऱ्यांना सावध केलं. आठ महिने लागले. प्रबंध गेला, पदवी मिळाली. वडिलांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे धागा सांधणारा कापडात न्हाई, मागातच राहिला व्हता." ते वाक्य सरांनी परत लिहून घेतलं. फळ्यावरचा 'घट' हा शब्द मात्र त्यांनी पुसला नाही, पुढचा आकडा तेवढा पुसला. त्यानंतर त्यांची एक नवी खोड सुरू झाली. कुणी काही झालं म्हणून सांगायला आलं की ते निकाल बघायचेच नाहीत. आधी विचारायचे, "कितीदा फसलं?" आणि एकदाही नाही म्हणणाऱ्याला परत पाठवायचे.

आता मी गडहिंग्लजला कॉलेजात शिकवते. सर निवृत्त होऊन हुपरीच्या घरी राहायला गेले. मध्यंतरी त्यांचं मोठं आजारपण झालं, म्हणून दिवाळीनंतर भेटायला गेले होते. दारात आले तेव्हा क्षणभर ओळखूच आले नाहीत. सदरा खांद्यावरून ओघळत होता. काकू आत चहा करायला गेल्या तसे ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "बरीच घट आलीय बघ. कुठं गेली ते हुडकाय पायजे." मी हसले. सांगावंसं वाटलं, सर, ती कुठंही गेलेली नाही, आमच्यातच कुठंतरी ओरखड्यात बसलीय. पण तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, पुरावा काय? आणि पुरावा माझ्याकडं नव्हता. निघताना त्यांनी गाळलेलं पाणी बाटलीत भरून दिलं आणि एसटीत बसेपर्यंत दारात उभे राहिले.

त्यानंतरच्या सोमवारी मी कॉलेजात पोचले. माझ्याकडं प्रोजेक्ट करणारी राधानगरीकडची एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही. मी पर्स ठेवते न ठेवते तोच ती आली आणि माझ्या टेबलावर तीन पट्ट्या ओळीनं मांडल्या. तिन्ही कोऱ्या. "मॅडम, हे तीनदा फसलं," ती म्हणाली. "का ते कळंना. म्हटलं, आधी तुमाला दाखवावं." बादली अजून मी निवडलीही नव्हती. मी तिला बसायला सांगितलं, पट्ट्यांचा फोटो काढला आणि सरांना पाठवला. खाली लिहिलं, 'पोरीनं आपण होऊन आणून ठेवल्या.' दिवसभर काही उत्तर आलं नाही. त्यांना आता मोबाईलवर लिहायला वेळ लागतो. दिवस मावळायच्या जरा आधी फोन वाजला आणि त्यावर दोनच शब्द होते, 'घट सापडली.'